बसल्या डोळ्याची उंची

फिटरने भिंतीवर पेन्सिलीने फुली मारली, दोन पावलं मागे सरकला आणि नुकतंच आभाळ टांगून झाल्यासारखा चेहरा करून म्हणाला, "बेचाळीस इंच. पडद्याचा मध्य जमिनीपासून बेचाळीस इंचांवर. ह्याला म्हणतात बसल्या डोळ्याची उंची. जगात कुठेही जा, माणूस सोफ्यावर बसला की डोळा इथेच येतो."

"जगात नाही जायचं," मास्तर म्हणाले. "ह्या खोलीत बसायचंय."

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, टेलरमास्तर. चव्वेचाळीस वर्षं त्यांनी कोट शिवले. दुकान बंद करून दोन वर्षं झाली होती, पण आंघोळ झाली की लोक चष्मा लावतात तशी ते अजून गळ्यात टेप घालायचे. फिटर होम थिएटर बसवणारा होता. अंगाने भरलेला, चेहऱ्याने उपाशी. लोक आयुष्यात उंची चुकवतात आणि मग खापर नशिबावर फोडतात, असं त्याचं एकूण तत्त्वज्ञान होतं.

"घरात बसणारी माणसं किती?" त्याने विचारलं.

"तीन. मी, सून आणि ही." मास्तरांनी मागच्या खोलीच्या दाराकडे बघितलं. दार लोटलेलं होतं. "तिचा डोळा बेचाळिसावर येत नाही."

"बुटक्या आहेत?"

"नाही. खाली बघते."

"मग वर बघा म्हणावं," फिटर म्हणाला. त्याला बिचाऱ्याला माहीत नव्हतं.

मास्तरांच्या बायकोला सगळा रस्ता काकू म्हणायचा, म्हणून आपणही काकूच म्हणू. गेल्या वर्षभरात काकूंची मान पडत गेली होती. आधी दोन बोटं, मग चार. मान उचलून धरणाऱ्या स्नायूंनी राजीनामा दिलाय, असं डॉक्टरांनी सांगितलं. डॉक्टर विनोदी होते, त्यामुळे ऐकायला जास्त वाईट वाटलं. त्यांनी गळ्याला पट्टा दिला. काकूंनी तो एक दिवस घातला आणि विचारलं, "ही कॉलर कापली कुणी? त्याला माझ्याकडे पाठवा." दुसऱ्या दिवसापासून पट्टा खुंटीवर.

पुढे काय, हेही डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. हनुवटी हळूहळू छातीला टेकेल. मग गिळायला त्रास होईल. ते आपल्या हातात नाही. "पण त्याच्या आधी एक होतं, मास्तर. ही माणसं आपणहून आत जाऊन बसतात. खरा घात तिथे होतो. तेवढं होऊ देऊ नका. चारचौघांत बसवा, बोलती ठेवा."

आणि काकू महिन्यापूर्वीच आत जाऊन बसल्या होत्या. मागच्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून, हाताच्या लाकडी खुर्चीत. जेवायला तेवढ्या बाहेर यायच्या. बोलणं म्हणजे "पुरे" आणि "मीठ".

तेव्हा मास्तरांना पडदा हवा होता तो ह्यासाठी. दोघं लग्न झाल्यापासून सिनेमे बघत आले होते. गोष्ट दोघांपैकी एकालाही कधी कळली नाही. नायिका रडत असायची आणि काकू म्हणायच्या, "बाही फिरलीय हो." नायकाला गोळी लागायची आणि मास्तर म्हणायचे, "बघ, पडतानासुद्धा कोट मागून उचलतोय." थिएटरात पुढच्या रांगेतले लोक मागे वळून शू करायचे. घरी येताना दोघं खलनायकाच्या शिंप्याचं कौतुक करत यायची. चाळीस वर्षांचा संसार ह्या एका गोष्टीवर चालला होता. बाकी सगळं काम होतं.

घरातला टीव्ही कपाटाच्या वर, काकूंच्या मानेच्या हिशोबाने आता मैलभर दूर. काकूंना दिसायचा तो टीव्हीखालचा कप्पा. महिनाभर त्यांनी तो कप्पा बघितला आणि मग उठून आत गेल्या.

मुलगा बोटीवर इंजिनखात्यात होता, वर्षातले आठ महिने पाण्यावर. त्याने तिथून सामान मागवून घरी पाठवलं: प्रोजेक्टर, शंभर इंची पडदा, पाच स्पीकर. वर निरोप, की चित्र मोठं असलं म्हणजे आईला मान वर करायची इच्छा होईल.

"तुमचा मुलगा लांबून फार हुशार असतो," सून म्हणाली. ती लोकांना मोटार चालवायला शिकवायची. शिकवणाऱ्याच्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो, तसा तिच्या बोलण्याखालीही असायचा. जिथे दुसरी सून रडली असती तिथे ही फक्त हळूच दाबायची.

"माप घेऊ आईंचं," तिने सुचवलं. "डोळा कुठे येतो ते कळेल."

मास्तर टेप घेऊन दारात गेले. "अगं, जरा..."

"नको," आतून आवाज आला.

"एक मिनिट लागेल."

"इतकी वर्षं कधी घेतलंत नाहीत माझं माप. ब्लाउज माझे मीच शिवले. आता कशासाठी? लाकडांचा अंदाज घ्यायचाय?"

मास्तर परत आले. चव्वेचाळीस वर्षांत असं गिऱ्हाईक त्यांना भेटलं नव्हतं. फिटरने फुलीकडे बघितलं, मास्तरांकडे बघितलं आणि गुरुवारी येतो म्हणाला.

आता माप न घेता माप काढायचं, तर शिंप्याला एक वाट असते. माळ्यावर दुकानातला पुतळा होता, ज्याच्यावर कोट चढवून ठेवायचे तो. कमरेपासून गळ्यापर्यंत, डोकं नाही, पाय नाहीत. मास्तरांनी तो खाली काढला, पुसला आणि सोफ्यावर बसवला. उंची काकूंइतकी व्हावी म्हणून खाली उशी. गळ्यात चिंध्यांची मान आणि मानेवर स्टीलचं पातेलं पालथं. पातेल्यावर खडूने दोन डोळे काढले. मग जेवताना चोरून बघितलं होतं त्या आठवणीने त्यांनी ती मान वाकवली. थोडी. मग आणखी थोडी. मग हात थांबला, कारण आठवण थांबत नव्हती, पुतळा खाली खालीच जात होता.

डोळ्यापासून दोरा ताणला. दोरा भिंतीपर्यंत पोचलाच नाही. साडेतीन फुटांवर जमिनीला टेकला.

मास्तरांनी तिथे खडूने रेघ मारली आणि तिच्याशेजारी उकिडवे बसून राहिले. मापात चूक असेल म्हणून पुन्हा दोरा ताणला. चूक नव्हती. मास्तरांच्या मापात चूक नसायची, हीच त्या दिवशी आपत्ती होती.

सून कामावरून आली, दारात थबकली आणि तोंडावर हात ठेवून म्हणाली, "बाबा, हे... कोण?"

एवढ्यात काकू पाणी घ्यायला बाहेर आल्या. भिंतीला हात लावत, जमीन बघत. घरातली माणसं त्या आता पायांवरून ओळखायच्या. सुनेची नखं, मास्तरांची भेगाळलेली टाच, दूधवाल्याची चप्पल. सोफ्यापाशी येऊन थांबल्या.

"सोफ्यावर कोण बसलंय?" त्या म्हणाल्या. "पाय कुठायत त्याचे?"

काकूंनी हात पुढे केला. पुतळ्याची छाती लागली, ती ओळखीची होती. त्या पुतळ्यावर त्यांनी हजारो बटणं लावली होती. हात वर गेला. चिंध्यांची मान लागली. मग पातेल्याची कड. त्यांनी मानेचं वळण बोटांनी पुन्हा एकदा वरून खाली तपासलं, काज तपासतात तसं, सावकाश.

"हे मी का?"

"अगं, ते आपलं मापापुरतं..."

"इतकी?"

मास्तरांनी ओठ उघडले. खोटं बोलायला एक क्षण असतो, तो निघून गेला.

"मला वाटलं होतं थोडी असेल," काकू म्हणाल्या. पाणी न घेता त्या आत गेल्या. आरशात बघायचं तर मान वर करावी लागते, हे घरात कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. आपण कसे दिसतो हे त्यांना पातेल्यावरून कळलं. त्या दिवसापासून त्या जेवायलाही बाहेर आल्या नाहीत.

गुरुवारी फिटर आला. मास्तरांनी खडूची रेघ दाखवली. पडदा खाली उतरवायचा, वरची कड भिंतीला टेकवायची, खालची कड पुढे ओढून जमिनीवर ठेवायची.

फिटरने हातातली ड्रिल मशीन खाली ठेवली. "मास्तर, ह्याला पडदा नाही म्हणत. पायपुसणं म्हणतात."

"तू बसव."

"वर प्रोजेक्टर सरळ, खाली पडदा तिरका. चित्राचा आकार बिघडणार. हिरो वर अरुंद, खाली रुंद होईल."

"त्याला आमच्यात घेर म्हणतात. चांगला दिसतो."

"माझं नाव जाईल बाजारात."

"तुझं नाव मी विचारलेलंसुद्धा नाही," मास्तर म्हणाले, आणि पुढे अचानक, कुणालाही अपेक्षा नसताना, त्यांनी फिटरचा हात धरला. "बसव रे. एकदा ती बाहेर येऊन बसू दे. डॉक्टर म्हणालेत, आत बसली की संपलं. आज सहा दिवस झाले. ती माझ्याशी मीठसुद्धा बोलली नाही."

फिटरने हात सोडवून घेतला नाही. तो म्हणाला, "घेर कमी करता येईल जरा." आणि शिडीवर चढला. दुपारभर तो प्रोजेक्टरशी झगडत होता. शेवटी जे जमलं ते बघून त्याने डोळे मिटून घेतले.

काकूंना बाहेर आणलं सुनेने. कसं, ते तिने सांगितलं नाही. "त्या माणसाने चार तास घाम गाळलाय आई, निदान बघून नावं ठेवा," एवढं ऐकू आलं. सुनेमागोमाग काकूंची खुर्चीही बाहेर आली. काकू बसल्या. फिटरच्या पायांकडे बघून म्हणाल्या, "उजव्या मोज्यातून अंगठा बाहेर आलाय. काढून दे जाताना, शिवून ठेवते."

सहा दिवसांत त्या पहिल्यांदाच एवढं बोलल्या होत्या. मास्तरांनी घाईघाईने सिनेमा लावला.

चित्र काकूंच्या पायांपुढे पसरलं. नायक घोड्यावरून आला. काकू बघत होत्या. मास्तर चित्राकडे बघतच नव्हते, ते काकूंकडे बघत होते. मग काकूंना एकटं वाटायला नको म्हणून त्यांनीही मान खाली घातली. सुनेने घातली. फिटर उभा होता, त्यानेही घातली. पाच स्पीकरांमधून घोडे धावत होते आणि चार माणसं गुडघ्यांपाशी बघत होती.

अकरा मिनिटं झाली असतील. "कॉलर बरी आहे का गं त्याची?" मास्तरांनी विचारलं. आवाज हलका ठेवायचा त्यांनी फार प्रयत्न केला.

काकूंना चित्र अगदी स्वच्छ दिसत होतं. त्याशिवाय आणखीही दिसत होतं. मास्तरांची टाच सारखी उचलत होती, म्हणजे मान दुखत होती. सून एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होती.

"बंद करा," त्या म्हणाल्या.

"का? दिसत नाही?"

"दिसतंय. चौघं मान खाली घालून बसलोय, घरात मयत झाल्यासारखे. ज्याचं झालंय त्यालाही बसवलंय सोबतीला." त्या उठल्या. "उद्यापासून मला बोलवू नका. जेवण आत द्या."

दार लोटलं गेलं नाही, लागलं. आतून कडी.

मोजा शिवायला द्यायचा राहिला, हे फिटरच्या लक्षात आलं, पण त्याने विषय काढला नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात मास्तरांनी जे केलं ते सांगण्यासारखं नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. ताट आत द्यायचं निमित्त करून ते रोज दाराच्या फटीतून माप काढायचे. मान आणखी अर्धा बोट खाली गेली असं त्यांना वाटलं. त्यांनी पडद्याची कड पुढे ओढली. दोन दिवसांनी पुन्हा वाटलं, पुन्हा ओढली. पुतळा सोफ्यावर तसाच, पातेलं रोज थोडं खाली. शेजारचे कुणी आले की त्याच्यावर चादर टाकायचे, त्याने तो जास्त भयंकर दिसायचा. रिकाम्या खोलीत सिनेमा लावून ते मोठ्याने म्हणायचे, "अरे रे, काय बाही लावलीय!" आणि दाराकडे कान द्यायचे. दार ढिम्म. बोटीवरून मुलाचा फोन आला, चित्र कसं आहे. "मोठं आहे," मास्तर म्हणाले, आणि फोन ठेवून दिला.

शेवटी त्यांनी फिटरला पुन्हा बोलावलं. पडदा पूर्ण जमिनीवर आडवा करायचा होता, चटईसारखा.

फिटर बघत राहिला. सूनही होती; तिची सुट्टी होती. ह्या वेळी तिने ब्रेकवरचा पाय काढला.

"बाबा, मी रोज दहा जणांना गाडीत बसवते. कुणाला पुढचं दिसत नसेल तर मी सीट हलवते. काच कापायला कुणी जात नाही."

"ती गाडी आहे."

"आई पण बसूनच बघणार ना? खुर्ची मागे कलती केली की डोकं मागे टेकेल. नजर आपोआप समोर येईल. एवढंच करायचंय. गेला आठवडाभर मी गप्प बसले, कारण मला वाटलं तुम्हाला सुचेल."

फिटरचा चेहरा उजळला. "बरोबर! कलत्या खुर्च्या मिळतात तयार. मग पडदा भिंतीवर."

"नाही!" मास्तर ओरडले. मास्तर ओरडू शकतात हे घराला नवीन होतं. "तिला नाही हलवायचं. मी आयुष्यात एका गिऱ्हाइकाला म्हटलं नाही की जरा सरळ उभे राहा, कोट बसत नाहीये. कुबड आलेली माणसं आली, एक खांदा पडलेली आली. कुणाला वाकवलं नाही, कुणाला ताणलं नाही. कापड हलतं, माणूस हलत नाही."

"पण मास्तर, पडदा म्हणजे काही कापड नाही."

"पडदा कापडच असतो."

फिटरने विचार केला. "हं. तसं कापडच."

"एकाच माणसाला वाकवलं मी," मास्तर म्हणाले. आवाज आता अगदी खाली आला होता. सुनेकडे नाही, फिटरकडे बघून ते बोलत होते. परक्याला सांगणं सोपं असतं. "दुकान लहान होतं. काज-बटण ही करायची. तिच्यासाठी टेबल करायचं होतं. वर कापडाच्या ताग्यांची फळी होती, तिच्याखाली बसेल एवढंच केलं. अठरा इंच. आलेल्या प्रत्येकाचं माप घेतलं मी, तिचं नाही घेतलं. फळीचं घेतलं. ती म्हणायची, चार बोटं उंच करा. मी म्हणायचो, सीझन संपला की. शिंप्याचा सीझन कधी संपतो का रे? शाळांचा संपला की लग्नांचा, लग्नांचा संपला की थंडीचा. एकतीस वर्षं ती त्या टेबलाशी मान घालून बसली. आता तिला पुन्हा म्हणू, की तूच मागे हो, तूच कलती हो? पडदा खाली जाईल. जमिनीत जाईल. तिला नाही हलवायचं."

फिटर खिशातली पट्टी उघडत आणि मिटत होता.

कडी निघाल्याचा आवाज आला.

"साडेसतरा," काकू दारात उभ्या राहून म्हणाल्या. जमिनीकडे बघत. "अठरा नाही. मी मोजलं होतं."

"अगं..."

"आणि किती वेळा सांगितलं होतं, तेही सांगा की त्याला."

"दोनदा."

"चारदा. चौथ्यांदा तुम्ही म्हणालात, आता सवय झाली असेल."

मास्तरांनी सोफ्याची कड धरली. "डॉक्टर म्हणाले, वयाने होतं हे. टेबलाचा संबंध नाही म्हणाले."

"विचारलं होतं?"

"तीनदा."

"मला का नाही विचारलं?"

"तुला विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस."

"म्हटलंच असतं," काकू म्हणाल्या. भिंत धरत त्या पुढे आल्या. मास्तरांच्या पायांपाशी थांबल्या. "म्हणून आता भिंत खाली आणताय. घर खाली आणताय. मला विचारायचं नाही, आपलं पातेल्याला विचारायचं. एकदा का पडदा जमिनीला लागला की तुम्ही सुटलात. होय ना?"

मास्तरांनी मान हलवली. ती काकूंना दिसण्यासारखी नव्हती, आणि कोणत्या दिशेने हलवली ते मास्तरांनाही कळलं नव्हतं.

"मी नाही सुटू देणार इतक्यात. माफ-बिफ काही मागू नका. मिळायचं नाही." मग सुनेच्या पायांकडे वळून, "अगं मोटारवाली, काय म्हणत होतीस सीटचं?"

सुनेने मागच्या खोलीतून लाकडी खुर्ची आणून मधोमध ठेवली. काकू बसल्या. सून पाठीमागे जाऊन खुर्ची धरू लागली तशी काकू म्हणाल्या, "तू नाही. ह्यांनी."

मास्तर मागे गेले. त्यांनी खुर्चीची पाठ धरली आणि हळूहळू मागे ओढली. पुढचे पाय जमिनीवरून उचलले गेले. काकूंनी खुर्चीचे हात घट्ट पकडले. मान थोडी लटपटली, मग मागे यायला लागली, एक बोट, दोन, चार, आणि डोकं मास्तरांच्या पोटावर येऊन टेकलं.

खोली काकूंच्या डोळ्यांसमोर वर आली. खिडकी. पंखा. घड्याळ. त्या एकेक बघत गेल्या. फिटरपाशी थांबल्या.

"हा असा आहे होय? मोज्यावरून मला बारीक वाटला होता."

फिटरने पोट आत घेतलं. माप घेताना सगळेच घेतात.

मग काकूंनी डोळे आणखी वर नेले. मास्तरांचा चेहरा त्यांच्यावर उलटा लटकत होता. पाच महिन्यांत त्यांनी तो बघितला नव्हता. खूप वेळ बघत राहिल्या.

"दाढी कोण करतं तुमची? हनुवटीखाली अर्धी राहिलीय."

मास्तरांच्या नाकावरून एक थेंब घरंगळला आणि काकूंच्या कपाळावर पडला. त्यांनी तो पुसला नाही. हात खुर्चीच्या हातांवर होते, सोडले तर पडल्या असत्या.

"वरून गळतंय," त्या सुनेला म्हणाल्या. "फिटर, घे आता माप. डोळा कुठे लागतो ते बघ."

फिटरने डोळ्यापासून भिंतीपर्यंत नजर लावली, पट्टी धरली, पुन्हा धरली. "त्रेपन्न," तो म्हणाला, आणि अशी उंची कुठल्याही पुस्तकात नाही म्हणून जरा खिन्न झाला. पडदा टांगायला तास लागला असता. त्याने नुसताच प्रोजेक्टर सरळ केला आणि चित्र उघड्या भिंतीवर पडू दिलं. घोडे आले, ह्या वेळी सरळ पायांचे.

"थांबा, खुर्चीखाली ठेवायला काहीतरी आणते," सून म्हणाली. "बाबांचे हात भरून येतील."

"घाई नको," काकू म्हणाल्या. "मध्यंतरापर्यंत धरतील."

सून दारातच थांबली. तिने सासऱ्यांकडे बघितलं. सासऱ्यांनी मानेने नको म्हटलं.

खुर्चीचं वजन दंडांत उतरलं होतं. गुडघे बोलायला लागले होते. मध्यंतर किती लांब आहे हे मास्तरांना माहीत नव्हतं, कारण गोष्ट त्यांना कधीच कळत नसे. हे डोकं असं किती दिवस टेकवता येईल, तेही माहीत नव्हतं. त्यांनी पाय जरा फाकवले आणि पाठ भिंतीसारखी ताठ केली.

भिंतीवर कुणीतरी कुणालातरी वचन देत होतं.

"अहो," काकू म्हणाल्या.

"काय?"

"श्वास जरा कमी घ्या. चित्र हलतंय."

मास्तरांनी श्वास कमी घेतला.